प्युरिफायर पाण्याच्या वाटेनं तेल फेकतोय? बाऊल उघडण्याआधी हे तपासा

प्युरिफायर म्हणजे जहाजाच्या इंधन तेलातून पाणी आणि गाळ वेगळा काढणारं, वेगानं फिरणारं यंत्र; बाऊल म्हणजे त्यातलं फिरणारं भांडं. आधी लक्षणं. 'प्युरिफायर चालत नाही' एवढं म्हणून भागत नाही. खालच्यापैकी नक्की काय दिसतंय ते आधी कागदावर लिहा.

• स्वच्छ तेलाच्या आउटलेटचा दाब पडतो, अलार्म वाजतो आणि थ्री-वे व्हॉल्व्ह तेल परत सेटलिंग टँककडे (साफ व्हायच्या तेलाच्या टाकीकडे) वळवतो.
• पाण्याच्या आउटलेटच्या काचेत पाण्याऐवजी काळी धार दिसते.
• काचेत काहीच नाही, पण स्लज (गाळाचा) टँक रोजच्या दुप्पट-तिप्पट वेगानं भरतोय.
• मोटरचे अँपिअर नेहमीच्या आकड्यावर बसत नाहीत, वरच राहतात.
• चालू केल्यावर पूर्ण वेग धरायला पूर्वीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो.
• उलटा प्रकार: तेल कुठे सांडत नाही, पण सर्व्हिस टँकचा (इंजिनला साफ तेल पुरवणाऱ्या टाकीचा) ड्रेन उघडला की पाणी येतं.
• आणि सगळ्यात छळणारं: रिसेट केलं की तास-दोन तास सगळं ठीक, मग पुन्हा तेच.

जहाजाच्या इंजिन रूममध्ये बावीस वर्षं काढली. फोर्थ इंजिनियर असताना प्युरिफायर माझ्या गळ्यात होते, पुढे सेकंड झाल्यावर माझ्या फोर्थच्या गळ्यात. दुखणं मात्र प्रत्येक जहाजावर तेच. खालचं सगळं जड इंधन तेलाच्या, ग्रॅव्हिटी डिस्क (पाण्याच्या आउटलेटवरची कडी, पुढे येतेच) असलेल्या प्युरिफायरला धरून आहे. ल्यूब ऑइलच्या (वंगणाच्या) किंवा किनाऱ्यावर जनरेटर प्लांटमध्ये बसवलेल्या यंत्रालाही बहुतेक लागू पडेल, फक्त तापमानाचे आकडे बदलतील. तेलविहिरींच्या प्लॅटफॉर्मवर जो हायड्रोसायक्लोन असतो तो वेगळा. त्यात फिरणारा भागच नसतो, आत शिरणारा द्रवच गरगरतो. त्याबद्दल इथे काही नाही.

आत काय चाललेलं असतं

एवढं समजून घेतलं की पुढची तपासणी पाठ करावी लागत नाही.

उभ्या आसावर फिरणारं जाड पोलादी भांडं म्हणजे बाऊल. मिनिटाला सात-आठ हजार फेरे, काही छोट्या यंत्रांत त्याहूनही जास्त. आत शंकूच्या आकाराच्या पातळ चकत्या एकावर एक रचलेल्या असतात आणि दोन चकत्यांमधली फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. टँकमध्ये पाणी खाली बसायला दिवस लागतो, कारण तिथे नुसतं गुरुत्वाकर्षण काम करतं. बाऊलमध्ये तोच जोर कित्येक हजार पट होतो. पाणी आणि गाळ जड म्हणून कडेला जातात, तेल हलकं म्हणून आसाकडे सरकून वर निघतं.

आमच्याकडे कुणीतरी नवीन पोरगा हमखास म्हणतो, 'म्हणजे ताक घुसळल्यासारखंच की.' नाही. घुसळलं तर तेल-पाणी एकजीव होतं, आणि नेमकं तेच इथे नको असतं. गावच्या डेअरीत दुधातून साय वेगळी काढणारं यंत्र पाहिलं असेल तर ते मात्र याचं सख्खं भावंड. स्वीडनच्या गुस्ताफ द लावालनं 1878 मध्ये ते दुधासाठीच केलं होतं, तेलाकडे ते नंतर वळलं.

महत्त्वाचा मुद्दा पुढेच आहे. बाऊलच्या कडेला पाण्याचं एक कडं सतत असावं लागतं. हे कडं म्हणजेच सील. ते आहे तोवर तेलाला पाण्याच्या आउटलेटकडे जायला वाट नाही. तेल आणि पाणी यांच्यामधली सीमारेषा बाहेर सरकत सरकत चकत्यांच्या गठ्ठ्यावरच्या टॉप डिस्कच्या कडेपलीकडे गेली की कडं तुटतं आणि तेल सरळ पाण्याच्या नळातून निघून जातं. सीमारेषा फार आत, चकत्यांच्या गठ्ठ्यात शिरली तर पाणी स्वच्छ तेलात येतं. खालची प्रत्येक तपासणी एकाच प्रश्नाची आहे: सीमारेषा कुणी सरकवली, की बाऊल मुळात बंदच होत नाहीये?

पहिलं काम: तेल कुठल्या दारानं जातंय

तेल बाहेर जायला दोन चुकीची दारं आहेत. पाण्याच्या आउटलेटमधून जात असेल तर सील तुटलंय. स्लजच्या दारातून जात असेल तर बाऊल नीट मिटत नाहीये. दोन्हींचा अलार्म एकच, इलाज मात्र वेगळे. पाण्याच्या आउटलेटची काच पुसून टॉर्चनं बघा. महिनोन्महिने न पुसलेल्या काचेत सगळंच काळं दिसतं आणि माणूस चुकीच्या दिशेनं पळतो.

काचेवर विश्वास नसेल तर एक फुकटची परीक्षा आहे. तेलाचा इनलेट बंद, बाऊल पूर्ण वेगात. बाऊल बंद होण्याचं ऑपरेटिंग वॉटर द्या आणि मग सीलिंगचं गरम पाणी सोडा. बाऊल मिटलेला असेल तर तो भरतो आणि थोड्या वेळानं पाण्याच्या आउटलेटमधून पाणी दिसतं. किती सेकंदांत दिसतं ते यंत्र धड असतानाच एकदा घड्याळ लावून मोजून ठेवा. त्याच्या दुप्पट वेळ झाला तरी पाणी दिसत नसेल, तर ते स्लजच्या वाटेनं निसटतंय. बाऊल उघडा राहतोय. अशा वेळी अँपिअरही वर दिसतात, कारण फेकल्या जाणाऱ्या पाण्याला वेग द्यायचा भार मोटरवर पडतो.

पाणी वेळेवर दिसलं तर बाऊल ठीक. मग खाली तापमानापासून सुरू करा. नाही दिसलं तर थेट ऑपरेटिंग वॉटरवर जा.

काल आणि आज यात काय बदललं

पान्याला हात लावण्याआधी विचारा. नवीन बंकरची (बंदरात भरून घेतलेल्या इंधनाची) टाकी लावली का? कुणी काल बाऊल उघडला होता का? मोटरमननं (इंजिन रूमच्या खलाशानं) फ्लो वाढवला का, 'सर्व्हिस टँक लवकर भरावा' म्हणून? हे विचारायला दोन मिनिटं लागतात. आवाज चढवून विचारलं तर मात्र खरं उत्तर कुणीच देत नाही, हेही लक्षात ठेवा.

तापमान

जड तेलासाठी बाऊलमध्ये शिरताना 98 अंश सेल्सिअस. हा आकडा आवडीनं निवडलेला नाही. त्याच्या वर गेलात तर पाणी उकळायच्या बेतात येतं, सीलच्या पाण्याची वाफ होऊ लागते आणि कडं तुटतं. त्याच्या खाली गेलात तर तेल घट्ट होतं.

किती घट्ट, ते बघा. 50 अंशांना 380 सेंटिस्टोक (घट्टपणा मोजायचं एकक) असणारं तेल 98 ला साधारण 37 सेंटिस्टोकवर येतं. तेच 85 ला साठीच्या पुढे. तेरा अंशांत घट्टपणा दीडपटीहून जास्त. घट्ट तेल चकत्यांच्या फटींतून जाताना जास्त विरोध करतं, आतला दाब वाढतो आणि सीमारेषा बाहेर ढकलली जाते. शिवाय पाण्याचे थेंबही त्यातून हळू सरकतात.

तापवण्याचं दुसरंही कारण आहे. 15 अंशांना 991 घनतेचं तेल आणि पाणी यांच्यात घनमीटरला जेमतेम 8 किलोचा फरक असतो. 98 ला दोघंही हलकी होतात, पण तेल जास्त हलकं होतं आणि फरक 25 च्या आसपास जातो. यंत्राला वेगळं करायला तेवढाच आधार.

आता तपासायचं काय? पॅनेलवरचा आकडा नाही. बाऊलच्या तोंडाशी पाइपवर जो साधा थर्मामीटर असतो तो बघा, आणि त्याच्या खिशात (ज्या नळीत तो खोचलेला असतो तिच्यात) तेल आहे का तेही बघा. खिसा कोरडा असला की थर्मामीटर आठ-दहा अंश कमी दाखवतो, मग कुणीतरी स्टीम वाढवतं, आणि त्यावर 98 दिसत असताना खरं तेल 100 पार करतं. मी स्वतः यात फसलोय. खिशात चमचाभर ल्यूब ऑइल घातलं आणि 'बिघडलेला' प्युरिफायर सुधारला.

तापमान खरंच कमी असेल तर हीटरकडे जा. स्टीम ट्रॅप (स्टीमचं पाणी बाहेर सोडणारा) अडकून हीटरमध्ये पाणी साचलंय का, स्टीमचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो का, हीटरच्या नळ्यांवर आतून काजळी धरलीय का. स्टीम पूर्ण उघडूनही तापमान 90 च्या वर जात नसेल आणि फ्लो अर्धा केल्यावर जात असेल, तर हीटर माखलाय. तो धुवायचा दिवस ठरवा, तोवर फ्लो कमी ठेवा.

फ्लो आणि बॅक प्रेशर

फ्लो जास्त झाला की सीमारेषा बाहेर जाते. स्वच्छ तेलाच्या आउटलेटचा बॅक प्रेशर व्हॉल्व्ह (तिथला दाब ठरवणारा) जास्त आवळला की तेच होतं. दोन्ही व्हॉल्व्ह हातानं फिरवायचे असल्यामुळे दोन्हींना सगळ्यांचेच हात लागतात.

फ्लो तेवढाच ठेवा जेवढं इंजिन खातंय, वर थोडासा. सर्व्हिस टँक ओसंडून परत सेटलिंगला वाहत राहिला तर बिघडत नाही, तेल दोनदा साफ होतं. आणि तेल सोडताना हळू. व्हॉल्व्ह झटक्यात उघडलात की आत्ताच बसलेलं पाण्याचं कडं एका धक्क्यात बाहेर जातं. रिसेट केल्यावर लगेच सील तुटत असेल, तर दहातल्या चार वेळा कारण एवढंच असतं: उघडणाऱ्याला घाई होती.

सीलिंगचं पाणी

तेल सोडायच्या आधी पाण्याच्या आउटलेटला पाणी दिसेपर्यंत सीलिंग वॉटर द्यायचं असतं. टायमरवर चालणाऱ्या यंत्रात हा वेळ ठरलेला असतो. पाण्याचा दाब कमी झाला, गरम पाण्याची लाइन थंड पडली किंवा सोलेनॉइड (विजेवर उघडणारा) व्हॉल्व्ह अर्धाच उघडला, तर टायमर संपतो पण कडं पुरतं बनत नाही. लाइनवर हात ठेवून पाहा, खरंच गरम आहे का. थंड पाणी गेलं तर कडेचं तेल घट्ट होऊन गोळा होतं.

सील लागल्यानंतर पाणी चालू राहत असेल तर तेही वाईट. जास्तीचं पाणी आत साठून सीमारेषा आत येते, आणि मग सर्व्हिस टँकच्या ड्रेनला पाणी दिसतं.

सेटलिंग टँक

फार लिहीत नाही. दर वॉचला (पाळीला) ड्रेन करा, पाणी संपून तेल येईपर्यंत. बंकरच्या प्रमाणित मालात पाणी फार तर 0.50 टक्के असायला हवं, पण गळका हीटिंग कॉइल किंवा टँकमध्ये शिरलेलं समुद्राचं पाणी ही मर्यादा मोजत नाही. ड्रेनमधून बादल्या भरून पाणी येत असेल तर प्युरिफायरला दोष देऊ नका, पाणी येतंय कुठून ते शोधा. गाळ खूप असेल तर दोन डिस्चार्जमधली (बाऊलमधला गाळ बाहेर फेकण्यामधली) वेळ कमी करा. कडेला गाळ भरला की पाण्याच्या कड्याला जागाच उरत नाही.

ऑपरेटिंग वॉटर

इथे जरा थांबतो, कारण माझ्या वहीतले निम्मे किस्से इथले आहेत.

बाऊलचा तळ सरकता असतो. त्याच्याखाली पाणी भरलं की तो वर उचलला जातो, वरच्या झाकणाच्या सील रिंगवर दाबून बसतो आणि बाऊल मिटतो. ते पाणी निघून गेलं की तळ खाली येतो आणि कडेचा गाळ एका धमाक्यात बाहेर जातो. म्हणजे बाऊल बंद ठेवणारा बोल्ट वगैरे काही नाही. नुसतं पाणी. ते कमी पडलं की बाऊल गळतो.

फोर्थ असताना दोन दिवसांत तीनदा एकच बाऊल उघडला होता. सगळ्या रिंगा नव्या घातल्या, चकत्या पुसल्या, घाम गाळला. चौथ्यांदा उघडायला घेतला तेव्हा फिटर म्हणाला, 'साब, वो पानी का वॉल्व्ह आधा बंद है.' पाइपवर कुणीतरी रंग मारला होता आणि हँडल सरळ करताना ते अर्ध्यावर ठेवलं होतं. त्या दिवसापासून रिंगेआधी व्हॉल्व्ह.

क्रमानं बघा:

पाण्याचा दाब किती. आपल्या यंत्राचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो. काहींना डोक्यावरच्या छोट्या टाकीचा दाब पुरतो, काहींना थेट लाइनचा लागतो. टाकीवाल्यांनी टाकीतला फ्लोट अडकलाय का ते आधी बघावं.

मग सोलेनॉइडच्या आधीची जाळी. अंगठ्याएवढी असते, दोन मिनिटांत निघते. एका जहाजावर आम्ही मध्यरात्री ती काढून टॉर्चसमोर धरली. पलीकडे उजेडच दिसेना. पांढरट, खरखरीत क्षाराचा थर, घरच्या गीझरच्या कॉइलवर बसतो तसाच. त्या फेरीत फ्रेश वॉटर जनरेटर बंद होता आणि बंदरातून घेतलेलं जड पाणी महिनाभर चाललं होतं. चीफ कुककडून व्हिनेगर मागून आणलं, जाळी तासभर बुडवून ठेवली, दात घासायच्या ब्रशनं घासली. बाऊल मिटला. त्या रात्रीच्या अलार्मचा सगळा खर्च अर्धी वाटी व्हिनेगर.

जाळी साफ असेल तर सोलेनॉइड. पॅनेलवर दिवा लागतो म्हणजे व्हॉल्व्ह उघडतोच असं नाही. कॉइलवर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून कान लावा, 'टक' ऐकू येतं का. आणि बंद असायला हवा तेव्हा त्यातून पाणी झिरपत नाही ना हेही बघा. उघडणाऱ्या पाण्याचा सोलेनॉइड गळत असेल तर बाऊल आपोआप उघडत राहतो. तास-दोन तास ठीक, मग पुन्हा तेच, या लक्षणाचं हे अगदी ठरलेलं कारण.

यानंतरची भोकं बाऊलच्या आत आहेत. ती बाऊल उघडल्यावर बघू.

ग्रॅव्हिटी डिस्क

ही पाण्याच्या आउटलेटवरची कडी. तिच्या भोकाचा व्यास सीमारेषेची जागा ठरवतो. भोक मोठं तर सीमारेषा बाहेर, लहान तर आत. हलक्या तेलाला मोठं भोक, जड तेलाला लहान. सील न तुटता चालेल अशी सगळ्यात मोठ्या भोकाची कडी घालायची, हा नियम.

पूर्वी हा विषय वर्षातून एकदा निघायचा. सगळीकडचं जड तेल 980-991 च्या आसपास, एकच कडी कायमची. 1 जानेवारी 2020 पासून जहाजाच्या इंधनात गंधक 0.50 टक्क्यांच्या आत आणावं लागलं, आणि मिश्रणाची नवी तेलं आली. त्यांची घनता एका बंदरात 930, पुढच्या बंदरात 985. फुजैरात घेतलेल्या हलक्या तेलाला मोठी कडी घातली, सिंगापूरला जड तेल घेतलं, कडी तीच राहिली. टाकी बदलली त्या रात्री सील तुटलं. यंत्रात काहीही बिघडलेलं नव्हतं.

म्हणून बंकर डिलिव्हरी नोटवरची घनता घ्या, तापमान आणि फ्लो घ्या, मॅन्युअलमधल्या आलेखावर कडी शोधा. नव्या टाकीवर जाण्याआधी. 15 अंशांना 991 च्या वरचं तेल या जातीच्या प्युरिफायरला झेपत नाही. पाण्याशी फरकच उरत नाही. त्याला ग्रॅव्हिटी डिस्क नसलेलं, पाणी सेन्सरनं ओळखणारं यंत्र लागतं.

कडी बदलायला बाऊल थांबवावा लागतो, म्हणून ती इतक्या उशिरा सांगितली. बंकर नुकताच बदलला असेल तर मात्र ती आधी तपासा.

वेग

बाऊल पूर्ण वेगानं फिरत नसेल तर बाकी सगळं बरोबर असूनही काम होणार नाही. जोर वेगाच्या वर्गावर चालतो. ड्राय डॉकमध्ये 60 हर्ट्झचं जहाज किनाऱ्याच्या 50 हर्ट्झ विजेवर लावलं तर वेग सहाव्या हिश्शानं घटतो, पण जोर तीस टक्क्यांनी.

समुद्रात वेग घटायचं नेहमीचं कारण म्हणजे क्लचचे घर्षण पॅड झिजलेले किंवा तेलकट झालेले. पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्रात ढिला पट्टा. पूर्ण वेग धरायला किती मिनिटं लागतात आणि मग अँपिअर किती, हे दर महिन्याला लिहून ठेवलं असेल तर एका नजरेत कळतं. आणि हसू नका, पण ब्रेक लावलेलाच राहिलाय का तेही बघा.

आता बाऊल

इथवर आलात तर उघडा. पण आधी हे.

बाऊल पूर्ण थांबल्याशिवाय एकही नट सैल करायचा नाही. मोटर बंद केल्यावरही बाऊल बराच वेळ फिरत राहतो, आणि आवाज थांबला म्हणजे तो थांबला असं नाही. फेरे दाखवणारी चकती डोळ्यांनी बघा. ब्रेकर बंद करून कुलूप आणि पाटी. तेल आणि स्टीमचे व्हॉल्व्ह बंद. आतलं तेल 98 अंशांचं असतं, कातडी सोलून काढतं.

झाकण आवळणाऱ्या मोठ्या लॉक रिंगचे आटे बहुतेक यंत्रांत उलटे असतात. बाणाची खूण बघा. उलट्या दिशेनं लांब पाइप लावून जोर केलेल्या लॉक रिंगा मी पाहिल्यात, त्या परत कधी नीट बसल्या नाहीत.

आत काय बघायचं:

सील रिंग. झाकणाची मोठी रिंग बोटानं चाचपा. चीर, टवका, एका बाजूला चपटी. नवी घालताना गरम पाण्यात पाचेक मिनिटं ठेवली की खाचेत नीट बसते, हातोडीनं ठोकावी लागत नाही. ती ज्या कडेवर बसते ती सरकत्या तळाची कडही बघा. तिच्यावर ओरखडा असेल तर नवी रिंगही गळेल.

सरकत्या तळाच्या चौकोनी रिंगा आणि छोटे व्हॉल्व्ह प्लग. सुजलेली रिंग तळाला अडकवते, झिजलेली पाणी सोडते. पूर्ण संच बदला. एक बदलून तीन जुन्या ठेवल्या की आठवड्यानं परत उघडावं लागतं.

नोझलची भोकं. मऊ तारेनं साफ करायची. ड्रिल अजिबात नाही. भोक जरा मोठं झालं की बाऊल मिटण्या-उघडण्याचं सगळं गणित चुकतं.

चकत्या. डिझेलमध्ये किंवा साफसफाईच्या द्रवात रात्रभर भिजवा, मऊ ब्रशनं घासा. लोखंडी खरवडणी वापरू नका, ओरखड्यात काजळी आणखी लवकर धरते. काढल्या त्याच क्रमानं परत घाला.

बंद करताना झाकण आणि बाऊलवरच्या खुणा जुळतात का बघा. हातानं आवळतानाच खूण पुढे निघून जात असेल तर चकत्यांचा गठ्ठा ढिला झालाय. एक चकती वाढवायची की आटे झिजलेत, हे मॅन्युअलमधल्या मर्यादेवरून ठरवा. दुसऱ्या प्युरिफायरचा एकही भाग या बाऊलमध्ये घालू नका, दिसायला कितीही सारखा असला तरी. प्रत्येक बाऊल आपल्या भागांसकट तोललेला असतो.

इथे थांबा, जाणत्याला बोलवा

जोरात थरथर सुरू झाली तर आधी थांबवा. बाऊल भरलेलाच ठेवा, डिस्चार्ज करू नका, आणि त्या खोलीतून सगळ्यांना बाहेर काढा. वेग उतरताना थरथर आणखी वाढते, तेव्हा जवळ उभं राहून 'काय होतंय' बघायचं नसतं. कारण सापडेपर्यंत पुन्हा चालू नाही.

बाऊलवर भेग, खोल गंजाचे खड्डे, लॉक रिंगच्या आट्यांत ओरबाडल्याच्या खुणा: तो बाऊल वापरायचा नाही. त्यावर वेल्डिंग नाही, गॅसची ज्योतही नाही. किनाऱ्यावर अधिकृत वर्कशॉपला जाईल, तपासून, तोलून परत येईल.

गिअरचं तेल दुधाळ झालं तर ऑपरेटिंग वॉटर खाली उतरतंय. त्यात पितळेची चमक दिसली तर वर्म व्हील खाल्लं जातंय. उभ्या शाफ्टची बेअरिंग बदलणं ज्यानं आधी केलंय त्याच्या देखरेखीखालीच करा.

आणि सगळा संच नवा घालून, तापमान-फ्लो-कडी सगळं जुळवून तोच दोष दुसऱ्यांदा परत आला, तर तिसऱ्यांदा उघडू नका. तेलाचा नमुना प्रयोगशाळेला पाठवा, कधी कधी तेलच तसं असतं. तोवर दुसरा प्युरिफायर कमी फ्लोवर चालवा. प्युरिफायरला वळसा घालून साफ न केलेलं तेल इंजिनला द्यायचा मोह होतो, विशेषतः सर्व्हिस टँक खाली जात असताना. बंकरमध्ये ॲल्युमिनियम आणि सिलिकॉनचे कण किलोला 60 मिलिग्रॅमपर्यंत चालतात, इंजिनच्या तोंडाशी ते 15 च्या आत हवेत. मधलं काम हेच यंत्र करतं. न झाल्यास लायनर आणि पिस्टन रिंगांचं काय होतं ते बघायला सिलिंडर उघडावा लागतो.

स्लज टँकमध्ये गेलेलं तेल ऑइल रेकॉर्ड बुकमध्ये जसं गेलं तसं लिहा. पोर्टला तपासणीवाला टँकची पातळी आणि आकडे ताडून बघतो.

सर्व्हिस इंजिनियर बोलावलात तर त्याच्यासमोर एवढं मांडून ठेवा: गेल्या महिन्याची तापमानं, फ्लो, अँपिअर, पूर्ण वेग धरायला लागलेली मिनिटं, बंकरची घनता, घातलेल्या कडीचा व्यास. आणि काढलेली जुनी सील रिंग. ती कचऱ्यात टाकू नका, चिंधीत गुंडाळून तारखेची चिठ्ठी लावून ठेवा. मी पाहिलेल्या चांगल्या सर्व्हिसवाल्यांनी आल्या आल्या पहिल्यांदा तीच मागितली.